तापी, गूळ तू खाल्ला नव्हतास

तापे, काल दिवेलागणीला मी पुन्हा पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. चिमटा घेतला, पितळी डबी उघडली आणि रिकामी डबी बघत उभी राहिले. पिचकारी आणि सुया आठ दिवसांपूर्वी मीच तर दवाखान्यात देऊन आले होते! पाणी आपलं खळखळतंय. आता काय करायचं त्याचं? शेवटी त्यातच चहाची पूड टाकली आणि उंबऱ्यात बसून चहा प्यायले. चार वर्षं त्या वेळेला माझ्या हातात तुझा दंड असायचा. काल कप होता. कप काही 'अक्का, हळू' म्हणत नाही.

तुला जाऊन दोन महिने होत आले. ज्येष्ठात गेलीस, आता श्रावण लागलाय. इतके दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होते, कधी मोठ्यानंही बोलायचे. परवा भुसावळहून मुलगा आला तर म्हणाला, "आई, कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, मांजराशी. मांजर कुठलं आपल्याकडे? त्यानं काही विचारलं नाही, पण जाताना वळूनवळून बघत गेला. म्हणून म्हटलं, आता कागदावर बोलावं. माझं अक्षर तुला माहीत आहे, मेहरूणची बोरं सांडल्यासारखं. मुलाच्या पाटीवर बघूनबघून शिकलेलं, त्याला वळण कुठून असणार? पण तुला वाचायचं थोडंच आहे. तुला वाचता येत नव्हतं, तेच आता माझ्या जिवाला लागलंय. का, ते पुढं सांगते.

एक गोष्ट तुझ्याशी बोलायची राहिली. ती बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तू या घरात आलीस तेव्हा मी थोरली जाऊ आणि किल्ल्या माझ्या कमरेला. तू दोंडाईचाची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आलीस ती मिरच्यांचं पोतं घेऊन, आणि बोलणं असं की मला निम्मं कळेना. मी फैजपूरकडची, केळीच्या बागांतली. आमच्याकडे 'आहे', तुमच्याकडे 'शे'. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीचं बोलणं ऐकलं की माझंच घर मला परकं वाटतं." तू हसायचीस आणि अजून चार शब्द जास्त बोलायचीस. मग सासूबाई गेल्या, दोघा भावांना, आपल्या नवऱ्यांनाही, देवानं दोन वर्षांच्या अंतरानं नेलं, माझा मुलगा रेल्वेत लागला, आणि एवढ्या घरात आपण दोघी राहिलो. तुला मूलबाळ नव्हतं. मला होतं, पण ते रविवारचं. एका चुलीवर दोन भाकरी. तेव्हा मला वाटायचं, किती कमी स्वयंपाक हा. आता एक भाकरी करते. पीठ मळायला घेतलं की परातीत ते कुठं सापडतच नाही.

तुझा आजार पहिल्यांदा मुंग्यांना कळला. न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागायला लागली आणि मी तुलाच बोलले, खरकटं नीट टाकत नाहीस म्हणून. तू दिवसभर पाणी पीत होतीस, माठ संध्याकाळपर्यंत तळाला, आणि अंग असं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरांनी काचनळीत तपासलं आणि म्हणाले, मधुमेह. रोज सुई घ्यावी लागेल, जन्मभर. तू विचारलंस, "आनि नही लिधी तं?" डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. तुला काय ते बरोबर कळलं.

सुई टोचायला मी शिकले. कोणावर शिकले, आठवतंय? केळ्यावर! फैजपूरहून भावानं घड धाडला होता, त्यातली निम्मी केळी मी भोकं पाडून पाडून वाया घालवली. तू समोर बसून म्हणत होतीस, "अक्का, केळाले दुखत नही, माले दुखी!" पहिल्या दिवशी माझी सुई तुझ्या दंडापाशीच अडली, तेव्हा तूच माझं मनगट धरलंस. सुई घेणारीनं देणारीला धीर दिला. औषधाची बाटली उन्हाळ्यात गार राहावी म्हणून लहान माठ आणला, वाळूत ठेवला, वाळूवर रोज पाणी शिंपडलं. पाहुणे विचारायचे, या एवढ्याशा माठात काय? तू म्हणायचीस, "मनं आयुष्य शे."

आणि सकाळची ती तपासणी. निळं औषध काचनळीत, त्यात तुझ्या लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर फार. मी वहीत लिहायची. तू रंगांना नावं ठेवलीस. निळा म्हणजे मोर, हिरवा म्हणजे पोपट. मोरीतूनच ओरडायचीस, "अक्का, मोर उना का?" मी म्हणायची, "उना, उना, पिसारा फुलवून उना." तुझी भाषा माझ्या तोंडात कधी बसली ते मला कळलंही नाही. एकदा लाल आलं तर म्हणालीस, "चला, वीट उनी, आते घर बांधा!" पहिली अडीचतीन वर्षं अशी गेली. आजारातली होती, पण तापे, माझ्या म्हातारपणातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडावर असं कोण बोलतं?

मग गेल्या साली उन्हाळ्यात विटा यायला लागल्या. रोज सकाळी वीट. आदल्या संध्याकाळी सुई वेळेवर, जेवण डॉक्टरांनी सांगितलेलं, भाकरी मी माझ्या हातानं वाढलेली, तरी सकाळी काचनळी लाल. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी औषध वाढवलं. पिचकारीवरची रेघ दोन घरं वर गेली. तरी लाल. पुन्हा वाढवलं. आणखी लाल.

ते मला म्हणाले, "अक्का, ह्या काही खात तर नाहीत ना मागनं?"

एवढं एक वाक्य. त्यांनी सहज विचारलं. मी ते घरी घेऊन आले आणि ते माझ्या डोक्यात बसलं. साखर तेव्हा कंट्रोलची, घरात चिमूटभर. पण गूळ होता. मी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. तू बघत होतीस. चार दिवसांनी पुन्हा वीट आली आणि मी म्हटलं, "तापे, खरं सांग."

तू शांतपणे म्हणालीस, "कुलूप तुम्हीच लायं, किल्ली तुमना कंबरले शे, मंग मी गूळ कथाईन खाऊ?"

बोलणं अगदी बरोबर होतं. पण मला तुझ्या बरोबर असण्याचाच राग आला. मी म्हटलं, "शेजारणी काय कमी आहेत? त्या सोनाबाईच्या घरात जाऊन बसतेस ते काय भिंती बघायला?"

"देवनी आन, अक्का. मी गूळले हातबी लायेल नही."

"देवाला मध्ये घालू नकोस. ही काचनळी खोटं बोलते का?"

तापे, तेव्हा माझा देवापेक्षा त्या काचनळीवर जास्त विश्वास होता. बाई खोटं बोलेल, रंग कसा बोलेल? वहीत प्रत्येक लाल रंगापुढं मी लिहायला लागले, 'खाल्लं'. रोज सकाळी. 'लाल. खाल्लं.' 'लाल. खाल्लं.' तू शेजारी बसून बघायचीस मी काय लिहिते ते. एकदा विचारलंस, "एवढं काय लिखतस?" मी म्हटलं, रंग लिहिते. म्हणजे खोटं कोण बोलत होतं, बघ.

आता ज्या गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला दिसल्या नाहीत, त्या सांगते. तू सकाळी उठायचीस ती डोकं धरून. पोलक्याची पाठ ओली. उशीचा अभ्रा ओला, पिळता येईल इतका, आणि तू तो रोज दोरीवर वाळत घालायचीस. मला वाटायचं, ऊन आहे, घाम यायचाच. मग पाऊस सुरू झाला, हवा गार झाली, तरी अभ्रा दोरीवर. तेव्हा मला वाटलं, रडते. अपराध केलाय म्हणून रडते. एकदा पहाटे तुला उठवायला आले तर तू मला आई समजून हाक मारलीस, थरथर कापत होतीस, आणि म्हणालीस, भूक लागली. मी म्हटलं, "नाटकं पुरेत." हो, हेच शब्द. घोटभर गोड पाणी पाजलं असतं तर जागच्या जागी कळलं असतं. पण गोड मी कुलुपात ठेवलं होतं.

आणि मग श्रावणात कानबाईचा सण आला.

आपल्याकडे रोटाला काय मान आहे ते तुला काय सांगायचं? घरातल्या माणसागणिक मूठमूठ गहू घ्यायचा, दळायचा, त्याच्या पुरणपोळ्या आणि खीर कानबाईपुढं ठेवायची, आणि तो रोट भाऊकीतल्याच माणसांनी खायचा. परक्याला घासभरही नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. पण घरात आलेल्या सुनेला आहे. ज्याच्या पानावर रोट पडला तो आपला. तू दोंडाईचाहून आलीस त्या वर्षी सासूबाईंनी तुझ्या पानावर पहिला रोट वाढला होता आणि म्हणाल्या होत्या, "आता शे म्हण की आहे म्हण, तू आमची."

गेल्या श्रावणात रोट आपल्याकडे होता. भाऊकीतल्या सात-आठ बायका पानावर बसल्या. शेजारची सोनाबाई, तीही भाऊकीतलीच, वाढत होती. ती तुझ्या पानापाशी आली आणि वाकली. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, हे तिला हळूच सांगता आलं असतं. चिमूटभर मोडून तुझ्या पानावर ठेवता आलं असतं, नावाला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हिला वाढू नकोस. हिचं चोरून चालूच असतं."

कोणीतरी हसलं. कोण, ते मला अजून आठवत नाही. तू हसली नाहीस आणि रडलीही नाहीस. पानावरची भाजी तशीच ठेवून उठलीस, हात धुतलेस, आणि मागच्या दारी जाऊन बसलीस. पंगत उठेपर्यंत तिथंच होतीस. मग येऊन सगळ्यांची भांडी घासलीस.

त्या दिवसापासून तू संध्याकाळी अर्धीच भाकरी खायला लागलीस. मी म्हटलं, पूर्ण खा, सुई घेतलीय. तू म्हणालीस, "अर्धी बस शे. तुमनी वहीमा एक डाव मोर लिखा, मंग खाईन." काचनळी निळी व्हावी म्हणून तू उपाशी राहत होतीस. आणि जेवढी उपाशी राहिलीस तेवढी सकाळी लाल आली. मी लिहीत गेले.

माघात तुझ्या टाचेला काटा लागला. मेहरूणच्या तळ्याकाठी बोरं वेचायला अनवाणी गेली होतीस. तुला खायची नव्हती, माझ्यासाठी गेली होतीस. जखम भरेना. पुढचं काही लिहीत नाही. पायाचं ते सगळं तू भोगलंस, मी धुतलं, आपल्या दोघींना माहीत आहे. पण तो शेवटचा आठवडा. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "अक्का, त्या गूळनी गोठ..."

मी तुला पुढं बोलूच दिलं नाही. मला वाटलं, आता कबूल करणार. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाला कशाला लाज वाटायला लावायची. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हटलं, "राहू दे आता. मी तुला माफ केलं, तापे."

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी समजले, दुखतंय.

आता आठ दिवसांपूर्वीचं ऐक. औषधाची एक बाटली उरली होती, अर्धी. लढाई संपली तरी हे औषध वेळेवर मिळत नाही, कुणा गरजवंताला लागेल म्हणून मी बाटली, पिचकारी, सुया, काचनळ्या सगळं फडक्यात बांधून दवाखान्यात नेलं. आपले जुने डॉक्टर गावी गेले. त्यांच्या जागी मुंबईला शिकलेला एक नवा बसतो, माझ्या मुलाहून लहान असेल. गाठोड्यात वहीपण गेली होती. त्यानं ती उघडली आणि पानं उलटायला लागला. उलटता उलटता थांबला.

"अक्का, हे 'खाल्लं' कोणी लिहिलंय?"

"मी."

"त्या खायच्या, हे तुम्ही बघितलंत?"

"बघायला कशाला पाहिजे? रंग आहे की समोर."

त्यानं आणखी दोन पानं उलटली. मग म्हणाला, "सकाळी त्यांची उशी ओली असायची का?"

तापे, तो अभ्रा मला दोरीवर दिसला. मी हो म्हटलं. डोकं दुखायचं? हो. कधी भलतंच बोलायच्या, भूक भूक करायच्या? हो. औषध वाढवलं तसं लाल वाढलं? हो. तेव्हा त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि मला समजेल असं सांगितलं. तुला सांगते, तुझा हक्क आहे तो.

सुईतलं औषध रक्तातली साखर उतरवतं. पण औषध जास्त झालं आणि जेवण कमी पडलं की झोपेत साखर नको तेवढी खाली जाते. शरीर घाबरतं. घाम फुटतो, थरथर होते. आणि मग शरीर स्वतःच स्वतःला वाचवायला उठतं. आपल्या काळजाच्या खाली उजव्या बाजूला यकृत असतं, त्यात साखर साठवलेली असते. ती साठवण ते उघडतं आणि रक्तात ओततं. घाबरलेल्या माणसाचा हात जरा जास्तच सैल सुटतो. सकाळी काचनळी लाल.

मी म्हटलं, "म्हणजे पेव? दुष्काळात जमिनीतलं धान्याचं पेव उघडावं तसं?"

"अगदी तसं," तो म्हणाला. "ती साखर बाहेरून आलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या पेवातली होती."

"आणि ते पेव उघडतं कोण?"

तो म्हणाला, एक तर भीती वाटल्यावर अंगात सुटतं ते द्रव्य. आणि दुसरं आणखी एक आहे, अशी शंका आहे. पोटातल्या ज्या ग्रंथीतून साखर उतरवणारं द्रव्य येतं, तिथूनच ती चढवणारंही येत असावं. सुरुवातीच्या बाटल्यांमध्ये ते मिसळून यायचं, सुई दिल्यावर साखर उतरायच्या आधी जराशी चढायची, त्यावरून त्याचा सुगावा लागला. नावसुद्धा ठेवलंय, ग्लुकागॉन. पण ते आपल्या अंगात नेमकं काय काम करतं, हे अजून कोणाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी ते नाव तीनदा म्हणवून घेतलं आणि घरी येईपर्यंत जपलं. ग्लुकागॉन. मनात म्हटलं, बघा, एकाच घरात दोन जावा. एक कुलूप लावणारी, एक उघडणारी. लावणारीचं नाव सगळ्या जगाला माहीत, तिच्या बाटल्या विकायला. उघडणारी जीव वाचवते आणि तिचं नावही धड कोणाला ठाऊक नाही. वर आळ तिच्यावरच.

निघताना मी त्या डॉक्टरला विचारलं, "मग ती गेली ती माझ्यामुळं का? मी रोज लाल लिहीत गेले, औषध वाढत गेलं..."

तो म्हणाला, "पायाचं दुखणं वेगळं, अक्का. साखर वर्षभर हेलकावे खात राहिली, त्यानं जखमेला त्रास झालाही असेल. पण असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही." मग म्हणाला, "तुमच्या जुन्या डॉक्टरांनाही कळलं नाही. तुम्हाला कसं कळणार?"

चांगला मुलगा आहे. पण रोटाच्या पंगतीत डॉक्टर बोलला नव्हता. मी बोलले होते.

आज कानबाईचा रविवार. तुझं वर्ष होईपर्यंत आपल्या घरात सण नाही, म्हणून यंदा सोनाबाईकडे. मी रोटाला नाही, बोलायला गेले. गेल्या साली होत्या त्याच बायका पानावर बसल्या होत्या. मी दाराशी उभी राहूनच म्हटलं, "सगळ्यांनी ऐका. आमची तापी चोरून खात नव्हती. गूळ तिनं खाल्ला नव्हता. मी खोटं बोलले होते."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सोनाबाई हातातलं ताट घेऊन तशीच उभी.

"कोणता गूळ, अक्का?"

"गेल्या साली. रोटाच्या पंगतीत. मी तिला वाढू दिलं नाही, चोरून खाते म्हटलं."

एक म्हणाली, "असं झालं होतं? मला तर आठवत नाही बाई." दुसरी म्हणाली, "मी होते का तेव्हा?" सोनाबाईनं ताट खाली ठेवलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, तुम्हाला एकटं राहून राहून असं होतंय. कोणाच्या लक्षात आहे ते? तापीसारखी गरीब बाई नव्हती, आम्ही सगळ्या हेच म्हणतो. बसा, पान मांडते."

मी कितीदा त्यांच्यासमोर हे बोलायची तयारी केली होती! त्या चिडतील, माझी छीथू करतील, निदान कोणी एक 'अरेरे' म्हणेल. त्यांना आठवतच नव्हतं. तुझा एवढा अपमान झाला आणि तो फक्त दोघींच्या लक्षात राहिला. त्यातली एक गेली. आता तो सांभाळायला मी एकटी.

मी म्हटलं, "तापीचा रोट दे."

सोनाबाई हळू आवाजात म्हणाली, "गेलेल्या माणसाला रोट नसतो, अक्का. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. तरी मागितला. पान न घेता घरी आले.

घरी येऊन वही उघडली. डॉक्टरांकडून परत मागून आणली होती. दौत घेतली आणि पहिल्यापासून एकेक पान. जिथं 'लाल. खाल्लं' होतं तिथं 'खाल्लं' खोडलं. रंग तसाच ठेवला, रंग खराच होता. चुकली ती वाचणारी. खोडता खोडता बोटं निळी झाली. तू असतीस तर म्हणाली असतीस, मोर उना.

मग गेल्या श्रावणातलं पान आलं. कानबाईच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी वीट आली होती आणि मी रागानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लाल. तापीनं रोट खाल्ला.'

मी बघतच राहिले. तुझ्या पानावर रोट पडलाच नव्हता. मीच पडू दिला नव्हता. मागच्या दारी भाजीसुद्धा न खाता बसलेली तू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे लिहिलं. डोळ्यांनी बघितलेलं विसरून, हातानं. अख्ख्या वहीत याहून खोटी ओळ नाही.

लेखणी तिथंवर नेली. शाई भरलेली होती.

पण नाही खोडलं गं. बाकी सगळी पानं खोडली, ती एक ओळ राहू दिली. रोट तुला सोनाबाई देऊ शकत नाही, मी देऊ शकत नाही. कागदावर तरी तो तुझ्या पानावर पडलेला आहे, माझ्या हाताचा, थोरलीच्या हाताचा. वही मिटली आणि गुळाच्या डब्यापाशी ठेवली. डब्याला आता कुलूप नाही.

तापीनं रोट खाल्ला.